कागदावरची यावारा

‘यावारा’ हें जुजुत्सूचें जुनें नांव. त्याच्या अर्थांत मृदुता आहे. नाओकी उरासावा या जपानी चित्रकथाकारानें १९८६ सालीं याच नांवाची ज्युदोपटु नायिका निर्माण केली व ती घरोघर लाडकी झाली. पुढें चारच वर्षांनीं, फुकुओका येथील आंतरराष्ट्रीय स्पर्धेंत पंधरा वर्षांच्या एका ठेंगण्या मुलीनें कॅरेन ब्रिग्ज या जगज्जेत्या ब्रिटिश स्त्रीला हरवून अजिंक्यपद मिळविलें, तेव्हां कागदावरची यावाराच देह धरून आली असें लोकांना वाटलें. ऱ्योको तामुरा हें तिचें खरें नांव; परंतु जपाननें तिला ‘यावारा-चान’ केलें, तें कायमचें.

तिची उंची अवघी १४६ सेंटिमीटर, वजनाचा गट ४८ किलोग्रॅमचा. जिगोरो कानो यांनीं १८८२ सालीं स्थापिलेल्या या विद्येंत प्रतिपक्ष्याच्याच जोरानें त्याचा तोल ढळवावयाचा असतो. तो वेगानें व जोरानें पाठीवर आदळला कीं ‘इप्पोन’, आणि सामना तेथेंच संपतो. ऱ्योकोचा आवडता डाव सेओइ-नागे, म्हणजे आपली धोबीपछाडच म्हणा ना! त्यांत ठेंगणेपणा हें वैगुण्य नसून सोयच ठरते.

स्त्रियांच्या ज्युदोला ऑलिंपिक पदकें १९९२ सालीं बार्सेलोना येथें प्रथम मिळालीं. सोळा वर्षांच्या ऱ्योकोला फ्रान्सच्या सेसिल नोवाकनें अंतिम सामन्यांत हरविलें. त्यानंतर मात्र तिनें ओळीनें ८४ लढती जिंकल्या, आणि १९९६ सालीं अटलांटा येथें पुनः अंतिम सामन्यांतच हरली! हरविणारी उत्तर कोरियाची के सुन-हुइ; तिचें वयहि सोळाच होतें. अखेर सिडनेला निघतांना ‘उत्तम झालें तर सुवर्ण, निदान सुवर्ण’ असें ऱ्योकोनें बोलून दाखविलें. इतक्या उघड प्रतिज्ञेनंतर परतण्यास तोंड उरत नाहीं. पण अंतिम सामना तिनें एका मिनिटाच्या आंत इप्पोननें जिंकला.

२००३ सालीं बेसबॉलपटु योशितोमो तानी यांच्याशीं तिचा विवाह झाला. २००४ सालीं अथेन्सला तानीबाईंनीं पुनः सुवर्णपदक मिळविलें.

येथून लोकप्रियतेची दुसरी बाजू दिसूं लागते. मातृत्वानंतर परतलेल्या तानीबाई २००७ च्या राष्ट्रीय स्पर्धेंत तोमोको फुकुमीकडून हरल्या. २००२ सालीं शाळकरी असतांनाहि याच फुकुमीनें त्यांना हरविलें होतें. तरी जागतिक स्पर्धेसाठीं निवड झाली ती तानीबाईंची. निवडसमितीवर पुष्कळ टीका झाली. बाईंनीं सातवें जागतिक अजिंक्यपद जिंकून तिला उत्तर दिलें. तथापि जिंकणारीला घरीं बसवावें हें न्याय्य होतें काय? विजयानें निवड शोभली, एवढेंच म्हणतां येईल. २००८ सालींहि त्या राष्ट्रीय स्पर्धेंत हरल्या आणि तरीहि बीजिंगला गेल्या. तेथें उपांत्य सामन्यांत रुमानियाच्या अलिना दुमित्रूनें त्यांना रोखलें, कांस्यपदक मिळालें. २०१० सालीं त्या जपानी संसदेच्या वरिष्ठ सभागृहांत निवडून आल्या व त्याच वर्षीं त्यांनीं आखाडा सोडला.

फुकुमी २००९ सालीं जगज्जेती झाली. ऑलिंपिकचें दार तिच्यासाठीं २०१२ सालीं लंडनला उघडलें. तेथें उपांत्य सामन्यांत तिच्यापुढें त्याच दुमित्रूबाई उभ्या राहिल्या, आणि फुकुमीला पदकावांचून परतावें लागलें.