शिशाची क्षमा आणि लिथियमची शिस्त

अकलूजमधील एका घराचे चित्र क्षणभर डोळ्यांपुढे आणावे. जिन्याखाली विजेवर चालणारी एक जुनी स्कूटर उभी आहे. नवी होती तेव्हा बाजार, शाळा आणि शंकरनगर अशा तिन्ही फेऱ्या ती एका दमात करी. आता बाजारातून परततानाच तिचे बळ सरते. दुकानदाराने निदान केले आहे की, चारही बॅटऱ्या निकामी झाल्या. तंत्रनिकेतनात शिकणारा मुलगा म्हणतो, "बाबा, पुन्हा शिशाच्या बॅटऱ्या कशाला? लिथियमचे घट आणतो आणि घरीच बॅटरी बांधतो." वडिलांना मुलाचे कौतुक वाटते आणि धास्तीही वाटते. या दोन्ही भावना रास्त आहेत. त्या तशा का, याचा विचार आज करावयाचा आहे.

शिसे आणि गंधकाम्ल यांची बॅटरी फ्रान्समध्ये गास्तों प्लांते यांनी १८५९ साली सिद्ध केली. विजेच्या वाहनांशी तिचे सख्य जुने आहे. अकलूजच्या पश्चिमेस फलटण येथे निंबकर कृषी संशोधन संस्थेत डॉ. अनिल राजवंशी यांनी सायकल-रिक्षा ओढणाऱ्याचे कष्ट हलके व्हावेत म्हणून विजेची रिक्षा तयार केली, व तिची हकीकत २००२ साली 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाली. त्या रिक्षालाही शिशाच्याच बॅटऱ्यांचा आधार होता. स्वस्त, सर्वत्र मिळणारी आणि मोडीत घातली तरी किंमत येणारी दुसरी बॅटरी तेव्हा सामान्य माणसाच्या आवाक्यात नव्हती.

मग मुलाचा आग्रह कशासाठी? त्याचे गणित खरे आहे. बारा व्होल्टच्या चार बॅटऱ्यांचे वजन सुमारे अठ्ठावीस ते तीस किलो भरते. तितकीच वीज साठविणारी लिथियम-लोह-फॉस्फेटची बॅटरी पेटीसह त्याच्या निम्म्याहून कमी वजनात बसते. शिशाची बॅटरी वारंवार तळापर्यंत रिकामी केली तर तीनशे ते पाचशे फेऱ्यांत थकते; फॉस्फेटचे चांगले घट नीट वापरल्यास दोन हजार फेऱ्यांपर्यंत टिकतात. या फॉस्फेटचा शोध टेक्सास विद्यापीठात जॉन गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेत लागला, आणि १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या निबंधाचे पहिले लेखक अक्षय पाढी हे भारतीय संशोधक होते. गुडइनफ यांना पुढे २०१९ साली दोन सहकाऱ्यांसमवेत नोबेल पारितोषिक मिळाले. तात्पर्य, मुलाने निवडलेला पदार्थ उत्तम आहे.

अडचण आहे ती स्वभावाची. शिशाची बॅटरी क्षमाशील असते. तिला थोडी अधिक वीज पाजली तर पाण्याचे विघटन होऊन वायू सुटतात, पाणी आटते, पट्ट्या खराब होतात. हयगयीचा दंड ती घेते, पण बहुधा हप्त्याहप्त्याने घेते. गाडी मंदावते आणि मालकाला वेळेवर इशारा मिळतो. लिथियमच्या घटाजवळ ही क्षमा नाही. त्यातील द्रव ज्वालाग्राही असतो. घटास मर्यादेबाहेर वीज दिली की आतील ग्राफाइटवर लिथियम धातूचे सूक्ष्म काटे उगवू लागतात; एखादा काटा मधला पातळ पडदा भेदून गेला तर घट आतल्या आत जोडला जातो, तापतो व शेजारच्या घटासही तापवितो. फॉस्फेटचा घट इतर जातींपेक्षा पुष्कळ सोशीक आहे, परंतु सोशीक म्हणजे निर्धोक नव्हे.

या स्वभावभेदाचा खरा सापळा चार्जरमध्ये आहे. चार बॅटऱ्यांचा जुना चार्जर सुमारे ५८.८ व्होल्टपर्यंत दाब चढवितो. फॉस्फेटचे सोळा घट एकापुढे एक जोडले असता त्यांची शेवटची मर्यादा ५८.४ व्होल्ट येते, म्हणजे दर घटास ३.६५. आकडे इतके जवळचे की जुनाच चार्जर चालेल असे कोणासही वाटावे. आता समजा, बाजारातून फॉस्फेटऐवजी निकेल-मँगॅनीज-कोबाल्टचे घट आणले. त्यांचे तेरा घट मिळून अठ्ठेचाळीस व्होल्ट होतात आणि दर घटाची मर्यादा ४.२ व्होल्ट असते. तोच चार्जर लावला की प्रत्येकाच्या वाट्यास साडेचार व्होल्टांहून अधिक येतात. 'अठ्ठेचाळीस व्होल्ट' ही पाटी दोहोंवर सारखीच असते. त्या पाटीवर विश्वासून चालणाऱ्याचा घात तेथेच होतो.

दुसरी गोष्ट समतेची. सोळा घटांची माळ ही सोळा विद्यार्थ्यांच्या वर्गासारखी असते. वर्गाची सरासरी चांगली असली तरी एखादा मागे पडलेला असू शकतो. बाहेरून मोजलेला दाब ही केवळ बेरीज, ती मागच्या बाकावरचे सांगत नाही. म्हणून प्रत्येक घटावर वेगळी नजर ठेवणारी, मर्यादा ओलांडताच प्रवाह तोडणारी आणि मागेपुढे झालेल्यांस एका पातळीवर आणणारी इलेक्ट्रॉनिक पट्टी लागते. तिला बीएमएस म्हणतात. जुन्या लॅपटॉपांतून काढलेले निरनिराळ्या वयांचे घट एकत्र केले तर या पट्टीलाही तो वर्ग सांभाळणे अवघड जाते. शिवाय योग्य फ्यूज हवा, धक्क्यांनी तारा घासणार नाहीत अशी बांधणी हवी, आणि सोलापूर जिल्ह्यातील उन्हाळ्याचा विचार हवा. वैशाखात चाळिशीपार गेलेल्या दुपारी उन्हातून आलेल्या गाडीच्या आसनाखाली तापमान आणखी चढलेले असते; तशा तापल्या घटास लगेच चार्जर लावणे म्हणजे धापा टाकणाऱ्या बैलास पुन्हा जुंपणे होय.

२०२२ च्या मार्च-एप्रिलमध्ये पुणे व नाशिक येथे विजेच्या स्कूटरी पेटल्या, आणि त्या तर कारखान्यात तयार झालेल्या होत्या. त्यानंतर केंद्र सरकारने दुचाकी-तिचाकींच्या बॅटऱ्यांचे एआयएस-१५६ हे मानक कडक केले. नवे नियम डिसेंबर २०२२ आणि मार्च २०२३ अशा दोन टप्प्यांत लागू झाले. एका घटाची आग शेजारच्या घटांत पसरते की नाही, याचीही परीक्षा त्यात आहे. घरच्या टेबलावर बांधलेल्या बॅटरीची अशी परीक्षा कोण घेणार? नोंदणी झालेल्या वाहनात नोंदीशी विसंगत बदल करण्यास १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचे ५२ वे कलम आडवे येते, आणि अपघात घडल्यास विम्याचा प्रश्न उभा राहतो तो निराळाच.

यास्तव मुलाने हात बांधून बसावे काय? मुळीच नव्हे. घरच्या बॅटरीत पैसा वाचतो तो बहुधा पट्टी, नवा चार्जर, पेटी व परीक्षा यांवरच वाचतो, हे त्याने कागदावर मांडून पाहावे. गाडीसाठी मानकानुसार तपासलेली बॅटरी आणि तिचाच चार्जर घ्यावा, आणि स्कूटरच्या विद्युत्-नियंत्रकाशी तिचे जुळते की नाही हे जाणत्याकडून पाहून घ्यावे. जुन्या शिशाच्या बॅटऱ्या उकिरड्यावर न टाकता विक्रेत्याकडे परत द्याव्यात. शिसे हे विष आहे, आणि २०२२ च्या नियमांनी बॅटऱ्या परत घेण्याची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. मोजण्याची, हिशोबाची आणि शिकण्याची हौस त्याने एखाद्या लहान दिव्याच्या बॅटरीवर, शिक्षकांच्या देखरेखीखाली अवश्य भागवावी.

राहता राहिला तो जिना. स्कूटर त्याच्याखाली उभी असते, रात्री तेथेच चार्ज होते, आणि वरच्या मजल्यावर झोपलेल्या आजी व धाकट्या बहिणीस खाली येण्यास तोच एक मार्ग आहे. लिथियमच्या आगीचा धूर विषारी असतो आणि विझलेला घट पुन्हा पेटू शकतो. बॅटरी कारखान्याची असो वा घरची, चार्जिंगची जागा अंगणात, सावलीत, बाहेर पडण्याच्या वाटेपासून दूर असावी. नवी बॅटरी येण्यास महिना लागला तरी चालेल; स्कूटरची जागा मात्र आज संध्याकाळीच बदलता येईल.