देवाच्या अंगणातली झाडे
(जीर्णोद्धार समारंभात केलेल्या भाषणाचा मजकूर)



देवळाचे काम आपणा सर्वांच्या हातभाराने तडीस गेले. कळस चढला, फरशी बसली. राहिले आहे ते अंगण. काही देणगीदारांनी झाडे देऊ केली आहेत, त्या यादीत सुबाभूळ आणि गिरिपुष्प, म्हणजे आपली उंदीरमारी, ही नावे वाचली, म्हणून बोलायला उभा राहिलो. देणाऱ्यांचा हेतू चांगलाच आहे, लवकर सावली व्हावी एवढाच. त्यांनी राग मानू नये.

सुबाभूळ मूळची मेक्सिकोकडची. १९७० नंतर चारा आणि जळण म्हणून तिचा मोठा गाजावाजा झाला. मीही शेळ्यांसाठी बांधावर चार लावल्या. दोन-तीन वर्षांत शेंगा तडकू लागल्या आणि खाली रोपांचे रान माजले. तोडली की पुन्हा फुटते. नुसता तोच पाला घातला तर जनावराचे केस झडतात. अजून दर पावसाळ्यात मी तिची रोपे उपटतो आहे.

गाजर गवताचे आपल्याला वेगळे सांगायला नको. त्याचा उपद्रव देशात प्रथम ध्यानात आला तो आपल्या पुण्यातच, १९५५-५६ च्या सुमारास. परदेशी गव्हाबरोबर बी आले असे म्हणतात. एकेका झाडाला हजारो बिया; अंगाला खाज, कोणाला दमा. पण ते कोणी लावले नव्हते. सुबाभूळ आपण हौसेने, पाणी घालून वाढवली.

परके म्हणजे वाईट, असे माझे म्हणणे नाही. झेंडू मेक्सिकोचा, देवळापुढचा खुरचाफाही अमेरिकेकडचा. दोघेही दिल्या जागी राहतात, दुसऱ्याची जागा बळकावीत नाहीत. त्यांना खुशाल ठेवा.

आता सावलीचे पाहू. चैत्री पौर्णिमेला म्हातोबाच्या बगाडाला पैपाहुणे येतात, तेव्हा ऊन कसे असते ते तुम्ही जाणता. उंदीरमारीची पाने माघ-फाल्गुनात झडतात, उघड्या फांद्यांवर गुलाबी फुले तेवढी दिसतात. करंज मात्र चैत्रात नव्या पालवीने भरलेला असतो. मग पाहुण्यांना बसवायचे कोणाखाली? वाढायला त्याला चार वर्षे जास्त लागतील, पण आपल्याला काय घाई आहे?

करंजाबरोबर बेल, आपटा, बहावा, पारिजातक, सोनचाफा लावा. उंबर आणि पिंपळ हवेतच, पण भिंतीपासून चांगले लांब. त्यांची मुळे नव्या बांधकामात शिरली तर पुन्हा वर्गणी काढावी लागेल! कुंपणाच्या कडेला दूर्वा, आघाडा, माका, रुई असू द्या. यांना तण म्हणून खुरपू नका. गणपतीची पत्री पूर्वी पोरे बांधावरून तासाभरात गोळा करीत. आता बांध गेले, तिथे इमारती आणि रस्ते आले. उरल्या जागेत गाजर गवत आणि घाणेरी. पत्री पुण्याच्या मंडईतून विकत आणावी लागते.

गेल्या दसऱ्याला नातवाने मला सोने दिले. हातात घेतले तर कांचनाचे पान. त्याचा दोष नाही, आपटा त्याने पाहिलेलाच नाही. आणि जिथे आपटा उरला आहे तिथे त्या दिवशी फांद्या ओरबाडून बाजारात नेतात.

आपल्या मावळ-मुळशीत देवाच्या नावाने राखलेल्या राया आहेत. १९७० नंतरच्या दशकात प्रा. वर्तक आणि डॉ. माधव गाडगीळ यांनी अशा देवरायांचा अभ्यास केला. इतरत्र नाहीशी झालेली झाडे तिथे टिकली, कारण कोयता लावायला माणूस भ्याला. आपल्या अंगणाची राई होणार नाही, जागा पाच-सहा गुंठेच आहे. तरी पोरांना झाडे ओळखता येतील एवढी ती पुष्कळ आहे.

देणगीदारांनी रोपाबरोबर तीन उन्हाळ्यांच्या पाण्याचीही सोय करावी. आपट्याची पाच रोपे मी घरी वाढवली आहेत. तरुण मंडळींनी खड्डे वैशाखातच खणून तापू द्यावेत, मृगाचा पाऊस पडला की रोपे घेऊन येतो.