फळ्यावरचं गणित आणि दिल्लीचा दिवाणखाना



विनोदी लेखकांच्या संमेलनाच्या अध्यक्षाने विनोदाच्या ऱ्हासावर बोलायचं, असा आपल्याकडे प्रघात आहे. मी तो आज पाळणार नाही. ऱ्हास कुठे पळून जात नाही, आणि पुढच्या अध्यक्षांनाही काही विषय शिल्लक ठेवायला हवा. मी बोलणार आहे 'द बिग बँग थिअरी' या अमेरिकी मालिकेबद्दल. तुमच्यापैकी पुष्कळांनी ती पाहिली असेल, उरलेल्यांच्या मुलांनी तरी नक्की पाहिली असेल. सीबीएस वाहिनीवर सप्टेंबर २००७ मध्ये ती सुरू झाली आणि मे २०१९ मध्ये संपली. बारा सीझन, २७९ एपिसोड. चक लॉरी आणि बिल प्रेडी हे तिचे कर्ते.

तिच्यावरचा आरोप जुना आहे. पासाडेनाच्या कॅलटेकमध्ये काम करणारे चार बुद्धिमान तरुण घ्यायचे, त्यांना कॉमिक्स, व्हिडिओ गेम आणि 'स्टार ट्रेक'चं वेड द्यायचं, बाई दिसली की त्यांची बोबडी वळवायची, आणि समोरच्या फ्लॅटमध्ये पेनी नावाची एक सुंदर, कमी शिकलेली वेट्रेस आणून ठेवायची. झाली मालिका. घासू म्हणजे बावळट आणि सुंदर म्हणजे मठ्ठ, या दोन साच्यांवर बारा वर्षं पैसा कमावला, असं टीकाकार म्हणतात. या आरोपात तथ्य आहे. पण तो ज्या पात्रांच्या वतीने केला जातो, त्यांच्यापुरता तो मला लंगडा वाटतो. खरा दावा ज्याने लावायला हवा होता, तो त्यांच्याच कोचावर कोपऱ्यात बसलेला होता. त्याच्याकडे येतोच.

आधी एक गोष्ट सांगून टाकतो, कारण ती आपल्या घरची आहे. 'बिग बँग' हे नाव दिलं फ्रेड हॉइल यांनी, १९४९ साली बीबीसीच्या रेडिओवर बोलताना, आणि त्यांना तो सिद्धांत मुळीच मान्य नव्हता. केंब्रिजमधले त्यांचे शिष्य आणि पुढचे सहकारी म्हणजे आपले जयंत नारळीकर. तेही शेवटपर्यंत महास्फोटाबद्दल साशंक राहिले. त्याच नारळीकरांना आपण २०२१ साली नाशिकच्या साहित्य संमेलनाचं अध्यक्ष केलं. या मालिकेच्या शीर्षकाशी मराठी साहित्याचं असं दूरचं, थोडं भांडकुदळ नातं आहे.

आता साच्याकडे. साच्याशिवाय विनोदी मालिका लिहून दाखवा, असं मी इथल्या कोणालाही आव्हान देईन. गवळणीतली मावशी रंगमंचावर येते तेव्हा ती कोण हे कोणी समजावून सांगत नाही, पेंद्याची ओळख करून द्यावी लागत नाही. प्रेक्षक आधीच तयार असतो, आणि म्हणून सोंगाड्याला पहिल्या वाक्यापासून खेळायला मोकळं मैदान मिळतं. वीस-बावीस मिनिटांच्या एपिसोडमध्ये तर पात्राची ओळख करून द्यायला अर्धं मिनिटही मिळत नाही. तेव्हा पायलटमध्ये साचा येणारच. प्रश्न असतो पन्नासाव्या एपिसोडचा. तोवर लेखकाला त्या पात्राबद्दल असं काही कळलेलं असतं का, जे पायलट लिहिताना त्याला ठाऊक नव्हतं?

शेल्डन कूपरच्या बाबतीत ते कळलेलं होतं. जिम पार्सन्सने उभा केलेला हा सैद्धांतिक भौतिकशास्त्रज्ञ, कोचावरची आपली जागा कोणाला न देणारा, दारावर तीनदा टकटक करणारा आणि प्रत्येक टकटकीमागे नाव घेणारा. कितीतरी वर्षं ती टकटक म्हणजे नुसती सवय होती, हमखास हशा देणारी. मग दहाव्या सीझनमध्ये, २०१६ साली, तो पेनीला सांगतो की तेरा वर्षांचा असताना तो एकदा न ठोठावता खोलीत शिरला आणि वडील परक्या बाईबरोबर दिसले. तेव्हापासून आत असलेल्या माणसाला सावरायला वेळ मिळावा म्हणून तो तीनदा ठोठावतो. एका वाक्यात नऊ वर्षांच्या विनोदाखाली जमीन आली. हे आधीपासून ठरलेलं होतं असं मला वाटत नाही. दीर्घ मालिका लिहिणाऱ्याला माहीत असतं की अशा गोष्टी मागाहून सापडतात, पण शोधणाऱ्यालाच सापडतात.

त्याहून चांगलं उदाहरण चौघांतल्या हॉवर्डच्या आईचं आहे, आणि त्यावर मी थोडा रेंगाळणार आहे. ज्यू आई हा अमेरिकी विनोदातला फार घासून गुळगुळीत झालेला साचा. मुलगा कितीही मोठा झाला तरी त्याला भरवणारी, आतल्या खोलीतून किंचाळणारी, लठ्ठ. या बाईचा चेहरा मालिकेने कधी दाखवलाच नाही, फक्त आवाज. तो आवाज होता कॅरोल ॲन सूझी यांचा. तिच्या आकारावरचे विनोद मोजायला बसलो तर संध्याकाळ होईल. नोव्हेंबर २०१४ मध्ये सूझी गेल्या. निर्मात्यांनी दुसरा आवाज आणला नाही, मालिकेतल्या आईलाही जाऊ दिलं. त्यानंतरचा एक एपिसोड आहे: वीज जाते, आईच्या घरातल्या फ्रीझरमध्ये तिने करून ठेवलेले पदार्थ वितळू लागतात, आणि हॉवर्ड सगळ्या मित्रांना बोलावून ते संपवायला बसवतो. तिच्या हातचं हे शेवटचं जेवण. जो साचा सात वर्षं खाण्यावरून हिणवला गेला, त्याच साच्यातून, त्याच खाण्यातून, लेखकांनी शोक बाहेर काढला. साचा टाकून दिला नाही. आतून उसवला. हे लिहिणाऱ्या मंडळींचा मला हेवा वाटतो.

म्हणजे ही माणसं आळशी नव्हती. त्यांना काय करता येतं हे त्यांनी दाखवलेलं आहे. म्हणूनच जिथे त्यांनी ते केलं नाही, तिथे त्यांना सूट देता येत नाही.

बायकांचंच घ्या. पहिल्या काही सीझनमध्ये हॉवर्ड जे करतो त्याला आज आपण सरळ छळ म्हणू. दुसऱ्या सीझनमध्ये पेनी त्याला एकदा तोंडावर सुनावते, तो कोसळतो, ती समजूत घालायला जाते, आणि तो तिचं चुंबन घ्यायला पुढे होतो. ती ठोसा लगावते. हशा. पुढच्या आठवड्यात पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. साच्याकडे बोट दाखवायचं आणि मग तोच पुन्हा वापरायचा, ही आपल्या धंद्यातली जुनी चलाखी आहे, इथे बसलेल्या सगळ्यांना ती येते. आणि पेनी? चारही मित्रांची आडनावं, पदव्या, हॉवर्डकडे पीएचडी नाही हा टोमणासुद्धा आपल्याला तोंडपाठ. पेनीला बारा वर्षांत माहेरचं आडनाव मिळालं नाही. चौघांतल्या लेनर्डशी लग्न झाल्यावर ती हॉफस्टॅडर झाली, तेवढंच.

चौथ्या सीझनपासून एमी आणि बर्नाडेट या दोघी मालिकेत स्थिरावल्या आणि खोलीतली हवा बदलली. एमी मेंदूशास्त्रज्ञ. ती भूमिका करणाऱ्या मेयिम बियालिक यांनी खरोखरच मेंदूशास्त्रात, यूसीएलएमधून, २००७ साली पीएचडी केलेली. गंमत म्हणजे त्या मालिकेत येण्याआधीच एका एपिसोडमध्ये पात्रं त्यांच्या या पदवीबद्दल बोलतात. एमी सुरुवातीला स्त्रीवेषातला शेल्डन होती, म्हणजे साच्याचाही साचा. पण तिला मैत्रीण हवी होती, आणि ती हाव लेखकांनी लपवली नाही, सजवलीही नाही. शेवटच्या भागात ती शेल्डनच्या बरोबरीने नोबेल घेते. बावळट म्हणून हिणवल्या गेलेल्या शास्त्रज्ञांना मालिकेने लग्नं दिली, मुलं दिली, स्टॉकहोम दिलं. खुद्द स्टीफन हॉकिंग आणि नोबेलविजेते जॉर्ज स्मूट त्यांच्याकडे पाहुणे म्हणून येऊन गेले. त्यांच्या वतीने फार रडण्यात अर्थ नाही.

आता कोपऱ्यातला माणूस. राजेश कुथ्रपल्ली, नवी दिल्ली. कुणाल नय्यर या दिल्लीतच वाढलेल्या नटाने केलेली भूमिका. खगोलशास्त्रज्ञ, कायपर पट्ट्यापलीकडची वस्तू शोधणारा. त्या शोधाचं काय होतं? तो तिला 'प्लॅनेट बॉलिवूड' म्हणतो. हशा. पहिल्या सीझनमध्ये आईवडील लॅपटॉपच्या पडद्यावरून त्याचं लग्न जुळवायला बघतात, बाराव्या सीझनमध्येही जुळवलेल्या लग्नाचाच ट्रॅक. मधली दहा वर्षं? दारू प्यायल्याशिवाय त्याला बाईशी बोलता येत नाही, हे सहा सीझन चाललं. वडील दिल्लीतले श्रीमंत डॉक्टर, घरात नोकरचाकर, आणि तरी गाय, गर्दी, हगवण यांवरचे विनोद त्याच्याच तोंडी. वडिलांचं काम करणारे ब्रायन जॉर्ज हे जेरुसलेममध्ये जन्मलेले उत्तम नट. 'साइनफेल्ड'मधला पाकिस्तानी हॉटेलवाला बाबू भट्टही त्यांनीच केला होता. एवढ्या मोठ्या उपखंडासाठी एक माणूस पुरत होता.

दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला ऐश्वर्या श्रेष्ठ की माधुरी असा वाद होतो आणि राज माधुरी दीक्षितबद्दल एक गलिच्छ उपमा देतो. २०२३ मध्ये त्यावरून इकडे नेटफ्लिक्सला कायदेशीर नोटीस गेली, वर्तमानपत्रांत दोन दिवस गाजली. अपमान झाला की नाही हे वकील ठरवोत, मला लेखक म्हणून वेगळंच खटकलं. ऐश्वर्या की माधुरी म्हणून हमरीतुमरीवर येणारा चाहता आपल्या ओळखीचा आहे, आपल्यातले काही तोच आहेत. पण तो 'तेजाब' काढेल, 'देवदास' काढेल, 'डोला रे'मध्ये कोणाचा पाय सरस पडला यावर रात्र काढेल. राजच्या वाक्यात एकही चित्रपट नाही, एकही नाच नाही. दोन नावं आणि मध्ये थोडी घाण. ते वाक्य दिल्लीच्या मुलाचं नाहीच.

आणि इथे मला त्या फळ्याची आठवण होते. शेल्डनच्या घरात पांढरे फळे आहेत, त्यांवर समीकरणं. ती खोटी नसत. यूसीएलएमधले भौतिकशास्त्राचे प्राध्यापक डेव्हिड साल्ट्झबर्ग यांना मालिकेने सल्लागार नेमलं होतं. संहितेत विज्ञानाची जागा मोकळी सोडलेली असे, ती ते भरत, आणि फळ्यावर काय लिहायचं तेही तेच ठरवत. पडद्यावर चार सेकंद दिसणारं, शंभरातल्या नव्याण्णवांना न कळणारं गणित बरोबर असावं यासाठी एवढी काळजी! मला हे मनापासून आवडतं. पण लॅपटॉपच्या पडद्यावर दिसणाऱ्या राजच्या आईवडिलांच्या दिवाणखान्यावर तशी नजर कधी फिरलेली दिसत नाही. समीकरण चुकलं तर शास्त्रज्ञ पत्र लिहितील ही भीती होती. दिल्ली चुकली तर कोण पत्र लिहिणार? मालिका साच्यावर फार विसंबली का, या प्रश्नाचं माझं उत्तर इथे आहे: ज्यांच्या रागाची लेखकांना पर्वा होती, त्यांचे साचे त्यांनी वेळ काढून, जीव लावून उसवले. ज्यांच्या रागाची पर्वा नव्हती, त्यांचे तसेच ठेवले. शेवटच्या एपिसोडमध्ये सगळे जोडीने स्टॉकहोमला असतात. राजच्या शेजारी कोण? विमानात भेटलेली सारा मिशेल गेलर, स्वतःच्याच भूमिकेत. बारा वर्षांनंतर त्याच्या वाट्याला एक पाहुणी कलाकार आली.

एका गोष्टीत मात्र मी मालिकेची बाजू घेईन. तिच्या दृश्यांचे हशा काढून टाकलेले तुकडे लोक एकमेकांना पाठवतात, आणि बघा, यात विनोद नाहीच, नुसता क्रूरपणा आहे, म्हणतात. ही चाचणी अन्यायाची आहे. मालिका बरबँकच्या स्टुडिओत जिवंत प्रेक्षकांसमोर चित्रित होत असे. नट हशा ओसरेपर्यंत थांबत. हशा काढलात तर उरते ती नटाने प्रेक्षकांसाठी राखलेली जागा. आपल्या कुठल्याही फार्सचं ध्वनिमुद्रण घेऊन हशा पुसा, लेखकाला अटक करावीशी वाटेल.

आता आपल्याबद्दल दोनच गोष्टी. घासूचा साचा आपण वापरतो असा आरोप आपल्यावर कोणी करणार नाही, कारण मराठी मालिकेत शास्त्रज्ञच मला सहज आठवत नाही. पुण्यात आयुका आहे, आयसर आहे, नारायणगावजवळ खोडदला जगभरातले खगोलशास्त्रज्ञ येतात ती महादुर्बीण आहे, आणि आपल्या मालिकांतली बुद्धिमान माणसं अजून कुठल्यातरी कंपनीचे मालक असतात, कंपनी काय बनवते हे न सांगता. दुसरी गोष्ट कमी गमतीची आहे. आपल्याही कोचावर कोपरा आहे. तिथे घरकाम करणारी मावशी बसते, बिहारी वॉचमन बसतो, दक्षिणेकडचा म्हणून सरसकट 'अण्णा' बसतो, आणि विदर्भातला माणूस बसतो, ज्याला आपण फक्त 'बे' म्हणायला लावतो. नायिकेच्या मंगळसूत्राची लांबी घराण्याला शोभेल अशी असावी म्हणून आपल्या सेटवर तासभर चर्चा होते, ती मी ऐकलेली आहे. वॉचमन कुठल्या जिल्ह्यातला, घरी पैसे कधी पाठवतो, रात्रीचं काय खातो, हे कोणी विचारलेलं मी ऐकलेलं नाही.

म्हणून दुपारच्या सत्रासाठी मी आयोजकांना एक विनंती केली आणि त्यांनी ती मान्य केली. परिसंवाद रद्द. तिथे टेबलं लावलेली आहेत. प्रत्येकाने आपल्या चालू मालिकेचा एक एपिसोड आणावा असं कळवलं होतं, आणला नसेल तर फोनवर असेलच. त्यातलं सगळ्यात कमी वाक्यं असलेलं पात्र निवडायचं आणि त्याला एक पान द्यायचं. हशा आला तर उत्तम, नाही आला तरी चालेल. ते पान त्या गावच्या, त्या कामाच्या माणसाकडून वाचून घ्यायचं. अशी काही मंडळी आज आपल्यात आली आहेत. मागच्या रांगेत बसली आहेत, त्यांना पुढे यायला जागा करून द्या. जेवण दीड वाजता, काम अडीचला सुरू. माझंही एक पान असेल, आणि ते वाचणाऱ्या बाईंनी मला सकाळीच बजावलं आहे की त्यांना अक्षर लागलं नाही तर त्या वाचणार नाहीत.