घरबसल्या पदवी आणि दारी आलेले कर्ज
(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आज चार शब्द बोला असे अध्यक्षबाईंनी सांगितले, तेव्हा मी आधी नाहीच म्हटले. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. कुरडया कशा कराव्यात हे विचारले असते तर तासभर बोलले असते. पण विषय निघाला मुलांच्या कॉलेजचा! त्यावर अध्यक्षबाई म्हणाल्या, "अहो, तुमच्या घरी जे घडले तेच सांगा. पुस्तकातले आम्हीही वाचू." म्हणून उभी राहिले आहे. यात माझीच चूक आहे आणि इतके दिवस ती मी तुमच्यापासून लपवून ठेवली, हे प्रथम कबूल करते.

आमची थोरली बारावी झाली दोन वर्षांपूर्वी. मार्क बेताचे. घरात एकट्याचा पगार. आमचे हे इथल्याच एमआयडीसीत कारखान्यात जातात. धाकटा अजून शाळेत. तेव्हा थोरलीने खारघरला एका दुकानात नोकरी धरली. २०२३ च्या नोव्हेंबरात आपल्याकडे मेट्रो सुरू झाली, त्यामुळे पेंधरहून जाणे-येणे सोपे झाले होते. नोकरी सांभाळून घरबसल्या पदवी घ्यावी असे तिच्या मनात होते, आणि त्यात वावगे काहीच नव्हते.

तिने मोबाइलवर एका जाहिरातीत आपला नंबर भरला, आणि दहा मिनिटांत फोन आला. बोलणारी मुलगी इतकी गोड, की मला "काकू, काकू" म्हणून जेवणाचीसुद्धा चौकशी करी. ती स्वतःला काउन्सेलर म्हणवीत होती. रोज दोन-तीनदा फोन. चौथ्या दिवशी म्हणाली, "काकू, तीनच जागा उरल्या आहेत, आज रात्री बारापर्यंतच सवलत आहे. फी नव्वद हजार, पण एकदम एक पैसा भरायचा नाही. महिना पाच हजार, अठरा महिने, तेही बिनव्याजी." मी मनात हिशेब केला, थोरलीच्या पगारातून ते भागत होते. ह्यांची रात्रपाळी होती. दिवसा झोपले होते. आधार कार्ड आणि पॅन कार्ड यांचे फोटो पाठवले. मग ह्यांच्या मोबाइलवर सहा आकडे आले, आणि ते आकडे मीच त्या मुलीला वाचून दाखवले.

भगिनींनो, त्या सहा आकड्यांनी ह्यांच्या नावावर कर्ज चढले. आम्ही समजत होतो की कॉलेजची फी हप्त्याने देतो आहोत. प्रत्यक्षात एका फायनान्स कंपनीने फीची रक्कम त्या शिकवणाऱ्या कंपनीला एकदम देऊन टाकली होती, आणि आम्ही देणे लागत होतो ते फायनान्स कंपनीचे. शिकवणे चांगले होवो की वाईट, हप्ता ठरल्या तारखेला जायचाच.

शिकवणे कसे होते तेही सांगते. रात्री मोबाइलवर जुनी भाषणे लागत. शंका विचारली तर उत्तर नाही. तिसऱ्या महिन्यात थोरलीने विचारले, पदवी कोणत्या विद्यापीठाची? तर कळले की मिळणार आहे ते कंपनीचे प्रमाणपत्र. पदवीसाठी आणखी फी निराळी. त्या गोड मुलीचा फोन लागेनासा झाला.

संतापून आम्ही हप्ते बंद केले. ही दुसरी चूक. दोन हप्ते चुकताच दंड लागला, वसुलीवाल्यांचे फोन कारखान्यात जाऊ लागले, आणि ह्यांची कर्जाची पत खाली आली. घरासाठी बँकेत अर्ज करायचा आमचा विचार होता, तो तिथेच थांबला. ह्यांनी मला एका शब्दानेही बोल लावला नाही. लावला असता तर बरे झाले असते असे मला वाटले.

पुढे कोणी शहाण्या माणसाने सांगितले, तसे आम्ही दोन्ही कंपन्यांना लेखी तक्रार केली आणि सरकारच्या ग्राहक हेल्पलाइनवर, १९१५ या नंबरावर, नोंद केली. चार महिन्यांच्या पत्रव्यवहारानंतर शिकवणाऱ्या कंपनीने चाळीस हजार परत केले. आधी भरलेले पंधरा हजार गेलेच होते. राहिलेले पस्तीस हजार आणि दंड मी भिशीच्या पैशांतून आणि एक बांगडी मोडून फेडले. मंडळात पुष्कळ जणींनी विचारले, हात मोकळा का? मी सांगत असे, बांगडी घट्ट होते. आज खरे कारण सांगितले.

आता तुम्ही म्हणाल, मग घरबसल्या शिक्षण वाईटच का? तसे मुळीच नाही. आपल्या महाराष्ट्राचे यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ १९८९ साली नाशिकला स्थापन झाले, ते नोकरदारांसाठी आणि संसारात अडकलेल्या बायकांसाठीच. दिल्लीचे इंदिरा गांधी मुक्त विद्यापीठ १९८५ चे. मुंबई विद्यापीठाने तर १९७१ पासून टपालाने शिक्षण सुरू केले. आज पुष्कळ विद्यापीठांना ऑनलाइन पदवी देण्याची परवानगी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने, म्हणजे यूजीसीने, २०२२ साली स्पष्टच केले की मान्यता असलेली ही पदवी रोज कॉलेजात जाऊन घेतलेल्या पदवीच्या बरोबरीची समजावी. तेव्हा प्रश्न घरबसल्या शिकण्याचा नाही. विद्यापीठ कोणते आणि विकणारा कोणता, हे ओळखण्याचा आहे.

आमची फसगत झाल्यावर थोरली मुक्त विद्यापीठाच्या अभ्यासकेंद्रात गेली. तिथले गृहस्थ रुक्ष होते. त्यांनी चहापाणी विचारले नाही की काकू म्हटले नाही. बारावीची गुणपत्रिका मागितली, शाळा सोडल्याचा दाखला मागितला, फॉर्ममधली चूक दाखवून परत पाठवले. मला आधी राग आला. मग लक्षात आले, गोड मुलीने चार दिवसांत एकदाही गुणपत्रिका पाहिली नव्हती! तिला मुलगी कशी आहे याच्याशी कर्तव्यच नव्हते, हप्ता कोण भरील एवढेच हवे होते. त्या रुक्ष गृहस्थांनीच थोरलीला यूजीसीची यादी उघडून दाखवली. कोणत्या विद्यापीठाला दूरशिक्षणाची आणि ऑनलाइनची मान्यता आहे, आणि कोणत्या अभ्यासक्रमाला, ते त्यात असते. प्रवेशापूर्वी विद्यार्थ्याला यूजीसीच्या संकेतस्थळावर आपला डेब आयडी नावाचा नंबर काढावा लागतो. हा नियम २०२४ पासून आहे. इंजिनियरिंग, वैद्यकी, नर्सिंग, फार्मसी, वकिली या पदव्या अशा रीतीने घेताच येत नाहीत. आणि एखाद्या कंपनीला ठेका देऊन तिच्यामार्फत विद्यापीठाने असे अभ्यासक्रम चालवावेत, हेही यूजीसीला मान्य नाही.

कर्जाचेही तसेच. बँकेच्या शैक्षणिक कर्जात सामान्यतः शिक्षण संपून एक वर्ष होईपर्यंत हप्ता सुरू होत नाही. चार लाखांपर्यंत सहसा तारण मागत नाहीत. २०१५ पासून विद्यालक्ष्मी संकेतस्थळावर अर्ज करता येतो. बँक प्रत्येक अभ्यासक्रमाला कर्ज देतेच असे नाही. कॉलेज कोणते, मान्यता आहे का, असे दहा प्रश्न विचारते, कागद मागते, खेपा घालायला लावते. आपण तिला नावे ठेवतो; परंतु त्या खेपांतच आपल्याला विचार करायला वेळ मिळतो. मोबाइलवरचे कर्ज दहा मिनिटांत मिळते, आणि त्याचा हप्ता पुढच्याच महिन्यात सुरू होतो.

रिझर्व्ह बँकेने २०२२ साली मोबाइलवरच्या कर्जाला नियम घातले. कर्ज देणाऱ्याने एका कागदावर रक्कम, व्याज, इतर खर्च सगळे स्वच्छ लिहून दिले पाहिजे. मन बदलले तर थोड्या दिवसांत मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचे व्याज भरून, दंड न देता कर्जातून बाहेर पडता येते. ही मुदत त्याच कागदावर असते. आम्ही तो वाचलाच नाही. तक्रार आधी कर्ज देणाऱ्याकडे लेखी करावी. तीस दिवसांत समाधान झाले नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येते. त्याची माहिती १४४४८ या नंबरावर मिळते. आणि भांडण चालू असताना हप्ता मात्र चुकवू नये.

थोरलीने मला अमेरिकेची हकीकत वाचून दाखवली. तिथे कोरिंथियन नावाची कॉलेजांची मोठी कंपनी होती. नोकरीची खोटी आशा दाखवून तिने मुलांना सरकारी कर्ज काढायला लावले आणि २०१५ साली कॉलेजे बंद केली. सरकारने सुमारे ५ लाख ६० हजार विद्यार्थ्यांचे राहिलेले कर्ज सरसकट माफ करायचे ठरवले ते २०२२ साली, म्हणजे सात वर्षांनी. तिथे कर्ज देणारे सरकारच होते. आपल्याला कर्ज देणारी फायनान्स कंपनी. ती कशाला माफ करील?

कर्मवीर भाऊराव पाटलांच्या पत्नी लक्ष्मीबाई यांनी वसतिगृहातल्या मुलांच्या जेवणासाठी आपल्या अंगावरचे दागिने दिले. त्यांच्या रयत शिक्षण संस्थेचे महाविद्यालय आपल्या पनवेललाही आहे. त्यांच्या सोन्यातून परक्यांची मुले शिकली. माझी बांगडी मात्र कोणाच्याच शिक्षणाला लागली नाही, याचे मला फार वाईट वाटते. ती निदान तुमच्या उपयोगी पडावी म्हणून आज हे बोलले. ज्या घरी असा फोन येईल त्या बाईने आकडे सांगण्यापूर्वी एक रात्र जाऊ द्यावी, घरातल्या सर्वांना विचारावे, आणि वाटल्यास माझ्याकडे यावे. यादी कशी पाहायची ते थोरली दाखवील. जी जागा एका रात्रीत जाते ती आपल्या मुलांसाठी नव्हतीच असे समजावे.

थोरली आता मुक्त विद्यापीठात बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आहे. वर्षाची फी त्या वेळच्या दोन हप्त्यांहूनही कमी, आणि ती तिने आपल्या पगारातून भरली.

शेवटी एक सांगायचे राहिले. तिचे कागद करताना मला कळले की आपल्या राज्य मंडळाची दहावीची परीक्षा सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून देता येते. वय चौदा पूर्ण हवे आणि पाचवी पास हवी. माझी दोन्ही पूर्ण आहेत! माझ्या शाळेचा दाखला गावाकडून मागवला आहे. गणिताचे भय वाटते. पण नव्वद हजारांचे अठरा हप्ते मी तोंडी मोजले होते, तेव्हा तेही जमेल. आपल्यापैकी आणखी कोणाला बसायचे असेल तर शनिवारी भजनानंतर थांबावे, अभ्यास जोडीने करू.