यात्रेहून परतताना हरवलेला देव

मतमाउलीच्या चरणी नमन. भाविकहो, कीर्तनाला उभं राहिलं की आधी गजर करायचा, ही आपली रीत. आज गजर शेवटी घेऊ. ज्याच्या ओठांवर गजर येत नाही, त्या माणसाचा आजचा विषय आहे.

सप्टेंबरात हरेगावला मतमाउलीची यात्रा भरते. कोणी पायी येतं, कोणी टेम्पोत दाटीवाटीने. मेणबत्ती लावतात, नवस फेडतात, रांगेत उभं राहून आईच्या पायाला हात लावतात. बरेच जण भरल्या मनाने घरी जातात. पण काही जण जसे आले तसेच परत जातात, आणि हे कोणाला सांगतही नाहीत. यात्रेत येऊन 'मला काहीच वाटलं नाही' असं म्हणायची चोरी असते ना!

मागे एका यात्रेत कीर्तन संपल्यावर एक बाई थांबली. चाळिशीची असेल. म्हणाली, "बुवा, रोज रात्री जपमाळ करते. पण पूर्वीसारखं आत काही हलत नाही. भिंतीशी बोलल्यासारखं होतं. मनात नसताना तोंडाने म्हणायचं, हे ढोंगच झालं की. बंद करू का?"

प्रश्न खरा होता. 'विश्वास ठेव, सगळं ठीक होईल' असं म्हणून वाटेला लावण्यासारखा नव्हता. आणि एक गोष्ट तर मुळीच म्हणायची नव्हती, ती म्हणजे 'तुझ्या हातून काही पाप घडलं असेल, बघ.' आपल्याकडे हे फार चटकन म्हटलं जातं. ईयोबाच्या मित्रांनीही तेच म्हटलं. राखेत बसलेल्या माणसाजवळ ते सात दिवस गप्प बसले, तोवर बरं चाललं होतं. तोंड उघडलं आणि देवाची वकिली सुरू केली. ईयोब मात्र देवाशी भांडत राहिला, जाब विचारत राहिला. शेवटी देव कोणावर रागावला? वकिली करणाऱ्यांवर! ईयोबच माझ्याविषयी नीट बोलला, असं देवाने त्यांना सुनावलं. शास्त्रातली ही गोष्ट आपण वाचतो आणि पुढे सरकतो. जरा थांबून वाचा.

आता आमच्याच धंद्यातल्या एका माणसाची गोष्ट सांगतो. यरुशलेमच्या मंदिरात गाणाऱ्यांचं एक घराणं होतं, कोरहाचे पुत्र म्हणत त्यांना. त्यांच्या नावाची स्तोत्रं आपल्या स्तोत्रसंहितेत आहेत. त्यांपैकी बेचाळिसावं काढा. गाणारा मंदिरापासून दूर पडलाय, पार उत्तरेला, हर्मोनच्या डोंगराकडे, जिथे यार्देन उगम पावते. तिथून यरुशलेम म्हणजे पायी कित्येक दिवसांचा रस्ता. आसवं हेच त्याचं जेवण झालंय. लोक टोमणा मारतात, कुठे गेला तुझा देव? त्याला आठवतं काय, तर यात्रा! सणाच्या दिवशी लोकांच्या थव्याबरोबर, गात गात, देवाच्या घराकडे चालत जायचो, हे त्याला आठवतं आणि जीव पिळवटतो. ज्यानं आयुष्यभर दुसऱ्यांना गायला लावलं, त्याचाच सूर आटला. हरिणी पाण्यासाठी धापा टाकते तसं झालंय त्याचं. मला विचाराल तर कीर्तनकाराला याहून मोठी शिक्षा नाही.

पण बघा, हा माणूस बोलतो कोणाशी? एकदा स्वतःच्या जिवाशी बोलतो, त्याला समजावतो, का रे खचलास म्हणून. आणि एकदा सरळ देवाशी बोलतो. तू माझा खडक, आणि तूच मला विसरलास, असा त्याचा हिशेब. देव नाही असं तो म्हणत नाही. देवाविषयी चार लोकांत बसून तक्रारही करत नाही. तक्रार देवाच्याच तोंडावर करतो. 'तो' म्हणत नाही, 'तू' म्हणतो. मराठी माणसाला हे नवं नको वाटायला. तुकोबांनी विठोबाशी किती भांडण मांडलं! रेव्हरंड नारायण वामन टिळक म्हणत की तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो. त्या पुलावर हे भांडणही होतंच.

याच घराण्याचं अठ्ठ्याऐंशीवं स्तोत्र याहून कठीण. बेचाळिसाव्यात निदान आशेचं धृपद आहे, पुन्हा पुन्हा येतं. अठ्ठ्याऐंशीव्यात ते नाही. पहिल्याच ओळीत देवाला तारणारा म्हटलंय तेवढंच, पुढे सगळा काळोख, आणि शेवटचा शब्दही काळोखच. एखाद्या शहाण्या संपादकाने ते गाळलं असतं. ख्रिस्तसभेने काय केलं? रात्रीच्या प्रार्थनेत त्याला शुक्रवारची जागा दिली. दर शुक्रवारी रात्री जगभरचे धर्मगुरू, सिस्टर, मठवासी ते म्हणून झोपतात. ज्याचं मन त्या दिवशी आनंदात आहे तोही म्हणतो, कारण कुठेतरी कोणाचं तरी मन तसं नसतं. त्या काळोखातही गाणारा तीनदा सांगतो, मी तुला हाक मारतोय.

माझी बायको गेली त्या वर्षी मी हे स्तोत्र तोंडपाठ केलं. माझे स्वतःचे शब्द संपले होते. सत्तावीस वर्षं जी मला कीर्तनाला निघताना पाण्याची बाटली आठवणीने देत होती, ती गेली. लोक म्हणायचे, बुवा, तुम्ही तर आम्हाला धीर देता. मी कीर्तनाला जायचो, उभा राहायचो, गायचो. आत कोरडं होतं. घरी येऊन रात्री उसन्या शब्दांत देवाला विचारायचो. उसने होते, पण विचारणारा मी होतो. तो काळ एका रात्रीत सरला असं सांगून तुम्हाला खूश करणार नाही. हळूहळू सरला. कधी, ते माझ्याही ध्यानात नाही आलं.

तर त्या बाईला मी विचारलं, "भिंतीशी बोलतेस म्हणतेस, मग बोलतेस काय?" जरा लाजली. म्हणाली, "म्हणते, तू ऐकत का नाहीस?"

"असं भिंतीला कोणी विचारतं का गं?"

ती हसली नाही. पण पदर सावरून खाली बसली आणि मग घरचं सगळं बोलली. ते इथे सांगायचं नाही.

ढोंगाविषयी मात्र तिला सांगितलं, तेच तुम्हालाही सांगतो. ढोंग म्हणजे आत नसताना आहे असं दाखवणं. आत काही नाही, हे ज्याचं त्यालाच सांगणं म्हणजे ढोंग कसं? आणि कोणाची झोप गेली असेल, अन्न जात नसेल, जगणंच नको वाटत असेल, तर त्याने घरच्यांना सांगावं, डॉक्टरकडेही जावं. जपमाळ आणि औषध यांचं वैर नाही.

मदर तेरेसांचं नाव घेतल्याशिवाय हा विषय पुढे जात नाही. १० सप्टेंबर १९४६. कलकत्त्याहून दार्जिलिंगला जाताना आगगाडीत त्यांना प्रभूचं बोलावणं आलं, गरिबातल्या गरिबाकडे जा. त्या गेल्या. आणि काम सुरू झालं तसा आत काळोख उतरला. १९५८ साली थोडे दिवस उजेड पडला, तेवढाच. बाकी जवळजवळ पन्नास वर्षं तसंच. आपल्या आध्यात्मिक मार्गदर्शकांना त्यांनी हे पत्रांतून कळवलं, आणि ती पत्रं जाळून टाका म्हणाल्या. जाळली नाहीत. मृत्यूनंतर दहा वर्षांनी, २००७ साली छापली, तेव्हा जग चकित झालं. काहींनी म्हटलं, बघा, विश्वासच नव्हता. मला तसं दिसत नाही. विश्वास नसलेला माणूस पन्नास वर्षं पहाटे उठून प्रभूसमोर गुडघे टेकून बसेल? एखाद आठवडा बसेल.

आता आख्यान. लहानसंच आहे, आणि यात्रेचंच आहे.

वल्हांडणाच्या सणाला मरिया आणि योसेफ दरवर्षी यरुशलेमला जात. येशू बारा वर्षांचा झाला, त्या वर्षीही गेले. सण संपला, गावची मंडळी परत निघाली. यात्रेची परतीची वाट कशी असते ते तुम्हाला माहीत आहे. पोरं पुढे धावतात, बायका बोलत चालतात, कोणाचं लेकरू कोणाच्या कडेवर. असेल यांच्याबरोबर, असेल त्यांच्याबरोबर, असं म्हणत दिवसभर चालले. सांज झाली, मुक्काम पडला, आणि पोर नाही! नातेवाइकांत शोधलं, ओळखीच्यांत शोधलं. नाही. भाविकहो, जिच्या कुशीत देव वाढला, तिला देव हरवला. तोही यात्रेहून परतताना. मग तुमची-आमची काय कथा?

ती काय करते? वळते. पुढे गेलेली वाट पुन्हा मागे चालते. तीन दिवसांनी सापडला, मंदिरात, शास्त्र्यांच्या मध्ये, प्रश्नोत्तरं करत. आई त्याच्या पाया पडत नाही. रागावते! तू असं का केलंस, तुझा बाप आणि मी किती हवालदिल झालो, असं विचारते. मतमाउलीच्या तोंडचा हा जाब लूकाने जपून ठेवलाय. मुलगा म्हणतो, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुम्हाला ठाऊक नव्हतं का? आणि पुढचं वाक्य मला फार प्रिय. तो काय बोलला ते त्यांना समजलं नाही, असं लूका स्पष्ट लिहितो. आईला समजलं नाही. तरी तिने ते मनात ठेवलं आणि मुलाला घेऊन नासरेथला, रोजच्या चुलीकडे, रोजच्या पाण्याकडे गेली.

पुढे एका शुक्रवारी भर दुपारी बारा ते तीन अंधार पडला. तेव्हा हाच मुलगा क्रुसावरून आपल्या मातृभाषेत पित्याला विचारत होता, मला का टाकलंस? शब्द बाविसाव्या स्तोत्रातले होते. त्यानेही जुन्या गाणाऱ्याचे शब्द उसने घेतले. आई क्रुसाखाली उभी होती. तिथे ती काही बोलल्याचं लिहिलेलं नाही. उभी होती, एवढंच लिहिलंय.

आता पेटी थांबवा. दोन मिनिटं कोणी गायचं नाही. ज्याला आभार मानायचेत त्याने मानावेत, ज्याला विचारायचंय त्याने विचारावं. ज्याला काहीच सुचत नाही त्याने नुसतं 'तू' म्हणून थांबावं. लेकरू रडलं तर रडू द्या. मग सावकाश गजर घेऊ.