‘हिंदी?’ ‘नाही, मराठी!’

२००५ सालच्या जानेवारीत मी अम्माला घेऊन हजला निघालो. गावच्या एसटी स्टँडवर निरोप द्यायला बरीच मंडळी आली होती. त्यातल्या एका बालमित्राने पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, “चला, निघालात तुमच्या मुलखात!” त्याच्या मनात वाईट काही नव्हतं. पण मुंबई ते जेद्दा या पाच तासांच्या प्रवासात ते वाक्य माझ्या शेजारीच बसून होतं. खरं सांगायचं तर मलाही वाटत होतं, ज्या दिशेला तोंड करून आमच्या पिढ्यांनी नमाज पढली, तो मुलूख परका कसा वाटेल?

वाटला. पहिल्या पंधरा मिनिटांतच वाटला.

मध्यरात्र उलटून गेली होती. अंगावर एहरामच्या दोन न शिवलेल्या पांढऱ्या चादरी. त्यांना खिसा नाही, त्यामुळे कवीजवळ पेन नाही! कमरेच्या पट्ट्यात पासपोर्ट आणि मनगटात हज कमिटीने दिलेलं, नंबर कोरलेलं कडं. रांग सरकत सरकत खिडकीशी आली. आतल्या तरुण अधिकाऱ्याने मान वर न करता विचारलं, “हिंदी?”

मी म्हणालो, “हिंदी येते. पण मी मराठी.”

“हिंदी?”

“मराठी. महाराष्ट्र!”

मागे उभे असलेले एक रत्नागिरीकर चाचा हसायला लागले. आखातात नोकरी केलेले गृहस्थ ते. म्हणाले, “अहो, तो भाषा नाही विचारत. अरबीत हिंदी म्हणजे हिंदुस्थानी. हो म्हणा आणि सुटा.” मी हो म्हणालो. धाडकन शिक्का बसला.

पुढे एक शिपाई हात हलवत ओरडत होता, “यल्ला, यल्ला!” म्हणजे ‘चला, आटपा’. अम्माला वाटलं, बिचारा अल्लाला हाक मारतोय. तिने तिथेच थांबून दोन्ही हात वर केले आणि म्हणाली, “या अल्लाह!” मागची सगळी रांग अडली. नंतर कळलं की तो शब्द मुळात ‘या अल्लाह’वरूनच आलाय. म्हणजे अम्माचं काही चुकलं नव्हतं.

माझं मात्र चुकत होतं. लहानपणापासून अरबी पढत आलो, सुरे तोंडपाठ. पण इथे माणसं भराभर बोलत होती आणि त्यातलं एक वाक्य कळेल तर शपथ! आकडेसुद्धा दगा देत होते. आपल्या शून्यासारखा दिसतो तो पाच, नुसता ठिपका म्हणजे शून्य. आणि अरबीत या आकड्यांना म्हणतात काय, तर ‘हिंदी आकडे’! आमच्याकडून गेलेले आणि आम्हालाच ओळखू न येणारे.

बाहेर आलो आणि वर पाहिलं. डोक्यावर पांढऱ्याशुभ्र तंबूंचं छत, थेट लांबपर्यंत. १९८१ साली सुरू झालेल्या या हज टर्मिनलवर असे २१० तंबू आहेत. कापड काचेच्या धाग्यांचं, बाजू मोकळ्या, त्यामुळे वारा खेळता राहतो. ही रचना उभी करणाऱ्यांत फजलुर रहमान खान हे मोठे अभियंता होते, शिकागोचा सिअर्स टॉवर उभारणारे. मूळचे आजच्या बांगलादेशातले. १९८२ मध्ये त्यांचं निधन झालं, तेही याच जेद्दात. मी हे सगळं पुढे वाचलं. त्या रात्री एवढंच जाणवलं की विमानतळावर उतरून आपण एखाद्या जत्रेच्या तळावर आलोय.

मग मुअल्लिमचा माणूस आला आणि सगळ्यांचे पासपोर्ट गोळा करून घेऊन गेला. तिथली तेव्हाची पद्धतच तशी होती. पण पट्टा रिकामा झाला आणि पोटात खड्डा पडला. नाव, गाव, पत्ता सगळं गेलं. उरला मनगटावरचा नंबर. अम्माचा हात मी घट्ट धरला. कोणी कोणाला धीर देत होतं, सांगता येणार नाही.

तेवढ्यात सामानाच्या ढिगाऱ्याकडून आवाज आला, “आवं, माझं गठुडं कुनी बघितलं का?”

अम्माने माझा हात सोडला आणि तरातरा निघाली. मी पोहोचेपर्यंत दोघी खाली बसून दोऱ्या बांधलेल्या पिशव्या उलथ्यापालथ्या करत होत्या. “कंच्या गावच्या तुम्ही?” अम्मा विचारत होती. बाई परभणीकडच्या निघाल्या. गठुडं सापडलं. त्यांनी त्यातून शेंगदाण्याचा लाडू काढून आधी माझ्या हातावर ठेवला. लाडू तोंडात होता आणि डोळे भरून आले होते. फजरची अजान झाली तेव्हा आम्ही तिघे तिथेच होतो.

परतलो, तेव्हा तोच मित्र स्टँडवर हजर. हसत म्हणाला, “काय, कसा आहे तुमचा मुलूख?”

मी म्हणालो, “तिथे मला हिंदुस्थानी म्हणतात रे.”

तो काही बोलला नाही. झमझमचा दहा लिटरचा कॅन त्याने खांद्यावर घेतला आणि आमच्या घराच्या वाटेला लागला.