आज्ञा कुणाची पाळायची?

आज्ञाधारक म्हटलं की मान खाली घातलेलं, विचारल्याशिवाय न बोलणारं लेकरू आठवतं. पंडिता रमाबाई तशा मुळीच नव्हत्या. 29 सप्टेंबर 1883 रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथं त्यांचा बाप्तिस्मा झाला, आणि ज्या मठातल्या भगिनींनी आसरा दिला त्यांच्याशीच पुढं त्यांचा पत्रांतून वाद जुंपला. इकडच्या पुरोहितांचं जोखड नुकतंच उतरवलंय, आता तिकडच्यांचं चढवून घेणार नाही, हा त्यांचा मुद्दा. क्रूसावरची अक्षरं लॅटिन का, संस्कृत का नकोत, इथपर्यंत गोष्ट गेली! भगिनींना त्या हट्टी वाटल्या. मला मात्र वाटतं, आज्ञापालनाचा इतका गंभीर विचार आपल्यातल्या फार थोड्यांनी केला असेल. ज्याला देवाचं ऐकायचंय, त्याला माणसांचं म्हणणं पारखूनच घ्यावं लागतं.

हे ऐकणं हातापायांत कसं उतरलं, ते केडगावला दिसतं. पुणे–दौंड मार्गावरच्या या गावाजवळ त्यांनी जमीन घेतली ती फळबागेसाठी. बागेच्या उत्पन्नातून त्यांच्या पुण्यातल्या शारदा सदन या विधवांसाठीच्या शाळेला हातभार लागावा, इतका साधा हिशेब. मग 1896–97 साली मध्य प्रांतात दुष्काळ पडला. आईवडील आणि बहीण यांना दुष्काळाच्या दिवसांतच गमावलेल्या रमाबाई तिकडं गेल्या आणि शेकडो मुलीबायकांना घेऊन आल्या. पुण्यात तेव्हा प्लेगचे निर्बंध. त्यामुळं फळबागेच्या जागेवर माणसं आली आणि तिथं मुक्ती सदन उभं राहिलं.

दुष्काळातून मुली आणल्या, ही गोष्ट आपण प्रवचनात सांगतो. त्यानंतरच्या पंचवीस वर्षांबद्दल कमी बोलतो, कारण त्यांत रोज तेच होतं: शेकडो पोटांचा स्वयंपाक, विहिरी, शेती, माग, तेलाचा घाणा, छापखाना. हिब्रू आणि ग्रीक शिकून रमाबाईंनी जेमतेम अक्षरओळख असलेल्या बाईला कळेल अशा मराठीत बायबल उतरवलं, आणि त्याचे खिळे जुळवले ते तिथल्याच मुलींनी. 5 एप्रिल 1922 ला रमाबाई गेल्या, त्याच्या थोडंच आधी ते काम हातावेगळं झालं होतं.

आपल्या मंडळ्यांत मात्र सेवा म्हणजे गायनवृंद, वेदीवरची फुलं, नाहीतर समितीतली खुर्ची. (खुर्चीसाठी तर निवडणुकाही होतात.) अंथरुणाला खिळलेल्या सासऱ्यांचे कपडे बदलणाऱ्या सुनेचं नाव वार्षिक अहवालात येत नाही. खोटं बिल बनवायला सांगणाऱ्या साहेबाला शांतपणे 'जमणार नाही' म्हणणारा कारकूनही आज्ञाच पाळत असतो, फक्त साहेबाची नव्हे.

आणखी एक, जरा टोचेल असं. आज्ञापालनाची वचनं आपल्या घरांत बहुधा बायकोला आणि मुलांना ऐकवली जातात. योहानाच्या शुभवर्तमानातला तेरावा अध्याय काढून पाहा. तिथं पाय धुतो तो गुरू. शिष्य नुसते बसलेले असतात. तेव्हा सुरुवात थोरल्यांनीच करायची आहे.

म्हणून कर्त्या पुरुषांना एकच विनंती. आज जेवणं झाली की ताटं उचला, भांडी घासा, ओटा पुसा. आणि उद्या उपासनेनंतर त्याबद्दल कुणाला सांगू नका.